रकाना चौथा

वाचनालयाला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली,
म्हणून स्मरणिका. म्हणून यादी :
खानापूर तालुक्यातले लिहिणारे.
समितीनं मला वही दिली, चार रकाने आखलेली
(नाव, गाव, जन्मसाल, प्रकाशित पुस्तकं)
आणि पेट्रोलला तीनशे रुपये.

पहिली सात नावं बसल्या जागी झाली.
सगळे मास्तर. पदरमोड करून काढलेले संग्रह,
गठ्ठे अजून पलंगाखाली.
एकेक प्रत भेट मिळाली, एकाकडून चार.

नंदगडच्या सटुप्पा कुंभाराचं घर मात्र शोधावं लागलं.
कौलांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं.
ओलं कौल साच्यातून निघालं
की त्याच्या पोटावर खिळ्यानं एक ओळ ओढायचा.
मग भट्टी.
"काय लिहायचात?"
"कुठलं आठवतंय गा. मिस्त्री नसंल तवा सुचंल ते."
"आणि ती कौलं?"
त्यानं हात नुसता फिरवला,
लोंढ्याकडं, बिडीकडं, पार हल्याळपर्यंत.

कुणीतरी तापानं उताणं पडलेलं असेल
आणि आढ्याजवळच्या चौथ्या कौलावर
अर्धी ओळ वाचत असेल, धुरानं काळी झालेली.
चौथ्या रकान्यात मी लिहिलं : छपरं.
मग खोडलं.
मग खोडलेलं तसंच ठेवलं.

जांबोटीच्या पुढं, गवळीवाड्यावर, ठकूबाई येडगे.
मी पोचलो सकाळी अकराला. तिथंच चुकलं.
"दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो."
"तुमचे मामा आहेत अजून?"
"कुणाचा तरी असंलच की वाटंवर."

थांबलो. शेण काढायला हात लावला.
रात्री, धारा झाल्यावर, सुरू झाली
वाघाशी सोयरीक केलेल्या म्हशीची गोष्ट.
म्हैस मराठीत रुसायची, वाघ कानडीत समजूत घालायचा,
लग्न ठरवणारा कावळा कोकणीत खोटं बोलायचा,
आणि मला तिन्ही कळत होतं, म्हणजे
कळतंय हे लक्षातही येत नव्हतं.
वऱ्हाड ओढ्याशी आलं आणि मला झोप लागली.
पहाटे शेवट विचारला, तर म्हणाली,
"उजाडलं. आता परत ये कधीतरी.
येताना मामाला सांगून ये."

इटगीची सुगंधा गुरव, वय एकोणीस.
शाळा कानडी, घर मराठी.
कविता मराठीत लिहिते, कानडी अक्षरांत.
सचिव चष्मा काढून म्हणाले, "हिला कुठं घालायचं?"
मी म्हटलं, "जन्मसालाप्रमाणं, शेवटी."
बराच वेळ कुणी चहा घेतला नाही.

सुगी संपली तसा हेळवी आला,
बैलाच्या गळ्यात घंटा, बैलावर गाठोडं.
निंगाप्पा. ह्याचा बाप माझ्या बापाकडं यायचा.
ओट्यावर बसून त्यानं आमचं घराणं उघडलं :
कोण कुठल्या गावाहून उठला,
कुणाची दुसरी बायको कुणाच्या बैलजोडीवरून भांडली,
कोण निपुत्रिक, कोण परागंदा.
माझ्यापर्यंत यायला त्याला पाऊण तास लागला
आणि मी तर दोन श्वासांत संपलो.

"करतोस काय सध्या?"
"यादी. तालुक्यातल्या लिहिणाऱ्यांची.
तुमचं नाव घालू? पुस्तकं किती?"
तो हसला, बैलाकडं बघून, जणू दोघांना विचारलं होतं.
म्हणाला, "हे एकच. संपलं न्हाई अजून."

मग बोटाला थुंकी लावून पान उलटलं,
माझ्या नावापुढं काहीतरी लिहिलं.
मी मान वाकडी करून पाहिलं.
कानडी नव्हतं. मोडीही नव्हतं बहुतेक.
"काय लिहिलंत?"
"तुला कशाला?
पुढच्या खेपंला तुझ्या पोराला सांगतो."

दोन शेर भात घेतलं, जुनं धोतर घेतलं.
बैलानं जाता जाता
अंगणात ठेवलेल्या वहीचा कोपरा चावला,
नेमका चौथा रकाना नाही, जन्मसालांचा.